मनातलं पकडणारी पेटी

माझ्या दिराला साप चावला नव्हता. हे मी पन्नास वर्षं सांगत आले आहे. लग्नाकार्यात सांगितलं, मर्तिकात सांगितलं, एकदा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. घरातली पोरं म्हणतात, आता पुरे कर. मी म्हणते, पुरे कसं, गावात अजून कोणी ना कोणी सापच म्हणतो. म्हणून आता लिहूनच ठेवते. लिहिलेल्या चार ओळींनी भल्याभल्यांची झोप उडते, हे मी त्याच वर्षी पाहिलं.

आमचं गाव रिसोडपासून पायी दीड तासावर. वाशीमचा तेव्हा जिल्हा झाला नव्हता. मोठं काम निघालं की अकोल्याचं तोंड पाहावं लागे, आणि मोठं काम निघूच नये अशी सगळ्यांची इच्छा असे. आणीबाणीचा पहिला हिवाळा होता. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. मी सातवी पास. बौद्धपुऱ्यात सातवी शिकलेली सून आणणारं आमचं पहिलं घर, आणि माझ्या नवऱ्याला त्याचा अभिमान कमी, धसका जास्त. मी कागद हातात घेतला की ते दाराकडे बघत.

दीर त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, विशी नुकती ओलांडलेला. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याकडे तो सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. त्या शेतकऱ्याला सगळं गाव मालक म्हणायचं. मीही इथे मालकच म्हणते. नाव घेऊन तोंड कशाला विटाळू? दिराचं आणि माझं दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं. जेवायला बसला की पहिला घास घेऊन म्हणायचा, "मास्तरीणबाई, आज भाजीले मीठ शिकवाचं राह्यलं वाटते." मी वाटी ओढून घ्यायची, तो परत ओढायचा, आणि सासूबाई दोघांनाही चुलीतलं लाकूड दाखवायच्या.

मालकाच्या हरभऱ्यात त्या वर्षी रानडुकरांनी आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, धुमाकूळ घातला होता. गावात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. मालकानं विजेच्या खांबावरून परस्पर करंट घेतला आणि बांधावर लाकडाच्या खुंट्या ठोकून उघडी तार फिरवली. अंधार पडला की तार चालू करायची, उजाडायच्या आधी मालकाच्या घरच्या माणसानं बंद करायची. हे मला दिरानंच सांगितलं. "वयनी, काल तारेले चिकटून डुक्कर मेलं. जळल्या केसाचा वास येऊन राह्यला होता नुसता." मी म्हटलं, भाऊजी, तिकडून जाऊ नका. तो हसला. "पाणी सोडाले बांधावरूनच जा लागते. अन् मी का डुक्कर हाव?"

पौषातली सकाळ होती. तो पहाटे पाणी सोडायला गेला आणि ऊन चढायच्या आत मालकाच्या बैलगाडीतून घरी आला, आडवा. गाडीबरोबर आलेल्या माणसानं सांगितलं, साप चावला, बाभळीखाली पडलेला सापडला. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत चुन्याचा जाड लेप होता. विष उतरावं म्हणून लावला, म्हणे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या ओरडल्या नाहीत. गाडीजवळ बसल्या, पदर पाण्यात बुडवला आणि त्याचा हात पुसू लागल्या. मी तांब्यानं पाणी ओतत होते. चुना निघाला तशी तळव्यावर एक आडवी काळी रेघ दिसू लागली. खोल होती. कडेचं मांस पांढरं पडलेलं, भाजल्यावर पडतं तसं. सापाचे दात असे आडवे फिरत नाहीत. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी त्याची मूठ मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. अंघोळ घालायला पुरुष आले तेव्हा त्यांच्या हातून ती मूठ सोडवावी लागली.

आमच्यात तेव्हा पुरत असत. मालकाचा माणूस घाई करत होता. विष चढलेलं अंग जास्त वेळ ठेवू नये, असं त्यानं चारदा सांगितलं. पोलीस पाटील मालकाच्या घरोब्यातला. त्यानं सर्पदंश असं लिहून कागद पाठवूनही दिला. दुपारच्या आत माती झाली. इनमीन दहा-बारा माणसं होती. बाकीचे मालकाच्या शेतावर होते, त्यांना सुट्टी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी काड्या वेचायच्या निमित्तानं मी त्या बांधावर गेले. तार नव्हती. खुंट्याही नव्हत्या. पण खुंट्या उपटल्याची भोकं एका ओळीत, पार ओढ्यापर्यंत, तशीच होती. ती बुजवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मी परत आले आणि नवऱ्याला सांगितलं. ते पटकन उठले आणि दार लावून घेतलं.

"बोलू नोको," ते म्हणाले. "मनातबी आणू नोको."

आता हे 'मनातबी आणू नोको' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल नवरा नेभळट होता. नेभळट नव्हता. त्या महिन्यात सगळं गावच तसं म्हणत होतं.

झालं असं होतं की, मालकाचा भाचा शहरात कॉलेजला शिकत होता. माणसाचं मन कसं चालतं याचा अभ्यास. तो महिनाभर मामाकडे राहायला आला, आणि येताना त्यानं एक पेटी आणली. रेडिओपेक्षा लहान, वर काच, काचेखाली सुई. पेटीतून दोन वायरी निघायच्या आणि त्यांच्या टोकाला पितळी कडी होती, अंगठीएवढी. कडी बोटांत घालायची, भाचा प्रश्न विचारायचा, आणि माणूस खोटं बोलला की सुई उडायची. पहिल्याच दिवशी मालकानं अंगणात गड्यांना उभं केलं. एकाला विचारलं, काल दारू प्यायला होता का? नाही म्हणाला, सुई उडाली. दुसऱ्याला विचारलं, पेंडीची गोणी कोणी नेली? मला माहीत नाही म्हणाला, सुई उडाली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मालकाकडे मनातलं पकडणारी पेटी आली आहे.

त्याच आठवड्यात मालकानं नवा रेडिओ घेतला आणि माडीवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याची जाळी ताणली. रेडिओची एरियल ती. पण आमच्याकडे दोन्ही गोष्टींची गाठ बांधली गेली. लोक म्हणू लागले, आता बोटात कडी घालायचीही गरज नाही. जाळी वरून मनातलं ओढून घेते, खाली पेटीत सुई हलते, आणि कोणाच्या मनात मालकाविषयी काय आहे हे भाचा वहीत लिहितो. भाच्याकडे वही होती हे खरं. कोणीतरी मालकाला हे सांगितलं, तर मालक मिशीत हसला आणि हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. त्याचं काम आयतंच झालं होतं.

मग आमचे लोक मालकाच्या गल्लीतून जाताना भलतंच काहीतरी मनात आणू लागले. एकजण जनावरं मोजायचा. एक म्हातारा मोठमोठ्यानं त्रिशरण म्हणत जायचा. शेजारची बाई डोक्यावर रिकामी घमेली पालथी घालून जायची, लोखंडातून मन बाहेर पडत नाही म्हणून. माझ्या नवऱ्याला सोळाचा पाढा यायचा; ते माडीखालून 'सोळा सत्ते बारोदरशे' करत पळायचे, आणि गल्ली संपली की पाढा अर्धाच टाकून द्यायचे. आज हसू येतं. तेव्हा हसणारी मी एकटीच होते, आणि खरं सांगायचं तर त्या गल्लीत मीही हसायची नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. आमच्या लोकांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक ओढ्यात सोडले होते. अंगारे गेले, अंगात येणं गेलं. दुसऱ्या आळीत कोणी लिंबू उतरून टाकलं तर आमची पोरं ते उचलून सरबत करायची. भूत, करणी, नजर, कशालाच आम्ही भीत नव्हतो. आणि तेच लोक या पेटीपुढे गार पडले. का? तर ही विज्ञानाची. विज्ञान मानायचं हे आम्हाला शिकवलं होतं. देवाला नाही म्हणता येत होतं. वायर आणि सुईला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या आळीतले लोक कमी भ्यायले. त्यांनी पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि ते मोकळे झाले. आम्ही शहाणे, म्हणून फसलो.

मी घरी हे बोलले तर आत्याबाई पहिल्यांदा तोंड उघडून बोलल्या. दीर गेल्यापासून त्यांनी धड शब्द उच्चारला नव्हता.

"हे पेटी नोहे," त्या म्हणाल्या. "हे तांदूळ होत."

मग त्यांनी सांगितलं. त्या नवी नवरी असताना मालकाच्या बापाच्या घरातला चांदीचा तोडा हरवला. देवऋषी आला, त्यानं तांदूळ मंतरले आणि आमच्या आळीतल्या सगळ्या माणसांना ओळीनं बसवून चघळायला लावले. ज्याच्या तोंडातले तांदूळ कोरडे राहतील तो चोर. माझ्या सासऱ्यांचं तोंड कोरडं पडलं. झाडाला बांधून मारलं त्यांना. महिन्यानं तोडा कडब्याच्या गंजीत सापडला.

"भेलेल्या माणसाचं तोंड कोरडंच राह्यते, पोरी. चोर असो का साव. तांदूळ भेव पायते, चोरी नाई पायत."

मी उठून बसले. सुई का उडते ते मला कळलं. मालकाच्या अंगणात उभं राहून कोणाचा हात गार पडत नव्हता? आमच्यातला कोणीही, काहीही बोलला असता तरी ती उडालीच असती.

पण कळणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. मी काही शूर नव्हते. मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि डाव्या हातानं लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. 'सालदार मेला तो सापाने नाही. पौषात साप बिळातून निघत नाही. त्याचा उजवा हात पाहावा.' खाली नाव घातलं नाही. बाजाराच्या दिवशी रिसोडला जाऊन ठाण्याच्या पत्त्यावर टाकलं. घरी येताना वाटेत दोनदा खाली बसावं लागलं.

आठव्या दिवशी ठाण्यातून जमादार आला. तो काही वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, सायकलवर आला होता. सरळ मालकाच्या ओट्यावर गेला, चहा घेतला आणि खिशातून पोस्टकार्ड काढून दाखवलं. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तो हुशार. म्हणाला, हे कोणी लिहिलं ते आत्ता काढून देतो, पेटी आहे आपल्याकडे. गावाला बोलावणं गेलं. बौद्धपुऱ्यातलं प्रत्येक माणूस आलंच पाहिजे.

आम्ही निघालो तेव्हा नवऱ्यानं माझं मनगट धरलं. "पाण्यात राहून माशाशी वैर नोको," ते म्हणाले. "तू काही लिव्हलं नाई. काहीच लिव्हलं नाई. असंच मनात धर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना माहीत होतं की मीच लिहिलं. दुसरं लिहिणार कोण? मला त्यांची दया आली आणि रागही आला. भाऊ यांचा मेला होता.

अंगण भरलं होतं. दुसऱ्या आळीतले सावलीत, आम्ही उन्हात. ओट्यावर जमादार, मालक, भाचा, मधे टेबल, टेबलावर पेटी, आणि एक रिकामी खुर्ची. ती खुर्ची भाच्याची. तो उभा होता. पेटीची वायर आखूड असल्यामुळे आजवर पेटी ओट्याच्या कडेला ठेवत आणि आमच्या लोकांनी खाली उभं राहून हात वर करायचे, असा रिवाज पडला होता. आमच्यातलं कोणी त्या ओट्यावर चढत नसे.

"ज्यानं लिव्हलं त्यानं आधीच सांगा," मालक म्हणाला. "मंग पेटीनं पकडलं तर माह्याकडे दयामाया नाई."

मी पाहिलं, सगळ्यांचे ओठ हलत होते. कोणी पाढे म्हणत होतं, कोणी त्रिशरण, कोणी गुरं मोजत होतं. शेजारच्या बाईनं घमेली आणली नव्हती, तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले होते. इतकी माणसं, आणि प्रत्येकजण आपल्या डोक्यातलं लपवायच्या खटपटीत. काय लपवत होते? की एक पोरगा तारेला चिकटून मेला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणातल्या प्रत्येक डोक्यात तेच होतं. मला एकदम संताप आला. वाटलं, मी का लपवते? माझ्या मनात जे आहे ते सरकारनं ऐकावं म्हणून तर मी कार्ड लिहिलं. ही पेटी ते ऐकत असेल तर बरंच की, मला तोंडानं सांगायचे कष्ट वाचले.

मी उठले आणि ओट्याच्या पायऱ्या चढले. कोणी अडवायच्या आत खुर्चीवर बसले.

"मी लिव्हलं," मी म्हटलं. "डाव्या हातानं. आता उजव्या हातानं लिहून देतो, पायजे तर. लावा तुमची पेटी."

भाचा गोंधळला. शिकलेला मुलगा, मनानं सरळ होता बिचारा. त्यानं माझ्या बोटांत कडी घातली. मालक खुर्चीकडे बघत होता, पेटीकडे नाही. पण जमादारासमोर उठ म्हणता येईना. आणि मी बोलत सुटले. तार सांगितली, डुक्कर सांगितलं, चुना सांगितला, तळव्यावरची रेघ सांगितली, बांधावरची भोकं सांगितली. सुई सुरुवातीपासून उडत होती. उडणारच; माझ्या हाताला घाम सुटला होता, छाती धडधडत होती.

"खोटं," मालक ओरडला. "पाहा जमादारसाहेब, सुई पाहा. सप्पा खोटं बोलून राह्यली."

खालून एक आवाज आला, आमच्याच लोकांचा. विहिरीत काही पडलं की काठावरच्या बायका करतात तसा. त्यांनाही वाटलं, पेटीनं मला पकडलं. यजमान मान खाली घालून बसले होते.

मी कडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मी भेली हाव म्हणून सुई हालली," मी म्हटलं. "तुमचं भेव वाटते मले, मी नाई कायले म्हणू? पण तुमी तं कोणाले भेत नाई ना, मालक? मंग या. बसा इथं. अन् सांगा, तार नव्हती म्हणून."

मालकाचा चेहरा पडला. आणि मग त्या भाच्यानं, देव त्याचं भलं करो असं मी म्हणत नाही कारण मी देव मानत नाही, पण त्याचं भलं होवो, त्यानं खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "बसा ना मामा. काहीच होत नाही, नुसतं बोटाला लावायचं."

"मले काय गरज?" मालक म्हणाला. "मी का सालदार हाव?"

"पाच मिनिटांचं काम आहे मालक," जमादार म्हणाला. त्यानं चहाची बशी खाली ठेवली होती.

मालक जागचा हलला नाही. मी आजवर विचार करते, तो का बसला नाही. सुई काय पकडते हे महिनाभर पाहून त्याला कळलं होतं का? की त्यालाही मनातून वाटत होतं की ही पेटी खरंच आतलं ओढून काढते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दुसऱ्यांना भिववण्यासाठी जे उभं केलं त्याला तो स्वतःच भ्यायला असेल, तर मला त्याचं काही आश्चर्य वाटत नाही.

मागून त्रिशरण म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज आला. "बसा ना, मालक." आवाजात राग नव्हता, विनंती होती. मग दुसरा म्हणाला, "बसा ना." मग एक बाई. मग सावलीतूनही कोणीतरी म्हणालं, "बसून जा, काय होते?" ओरडत कोणीच नव्हतं. सगळे आपलं समजुतीनं सांगत होते, बसा ना मालक, बसा ना. आमच्या लोकांचा अजूनही पेटीवर पूर्ण विश्वास होता. ती खरं सांगते असं ते मनापासून मानत होते, आणि म्हणूनच जो बसत नाही त्याच्या पोटात काय आहे हे त्यांना दिवसाढवळ्या दिसलं. त्यांची चूक त्या दिवशी आमच्या कामी आली.

मालक धोतराचा सोगा सावरत आत निघून गेला. दार लागलं.

मग जमादारानं अंगणाला विचारलं, "साप कोणी पाहिला?" कोणीच पाहिला नव्हता. "मेल्याची आई कोण?" आत्याबाई पुढे आल्या. तो म्हणाला, माती उकरून प्रेत पाहावं लागेल, वाशीमहून साहेब आणि डॉक्टर येतील, तुमचं त्याला काही म्हणणं आहे का? म्हणणं असेल तर सांगा, मी समजू शकतो.

आपलंच लेकरू मातीतून परत काढायला सांगायचं. मी कार्ड लिहिताना या गोष्टीचा विचार केला नव्हता. खरंच केला नव्हता. मला आत्याबाईंच्या तोंडाकडे बघवेना.

"काढा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सगळे आले. थंडी होती म्हणून बरं. बायकांनी येऊ नये असं सांगितलं होतं. आत्याबाई आल्या आणि त्यांच्यामागे मी. डॉक्टरनं नाकाला रुमाल लावला होता. तो खड्ड्याजवळ वाकला आणि वर न बघता विचारलं, "कोणता हात?"

"उजवा," आत्याबाई म्हणाल्या. "जेवाचा."

हात पाहायला डॉक्टरला फार वेळ लागला नाही. पायावर, नडगीच्या वर, तशीच दुसरी रेघ निघाली. ती आम्ही दोघींनी पाहिलीच नव्हती.

पुढचं काय झालं तेही सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की मी अर्धवट सांगितलं. खटला उभा राहिला. वाशीमच्या किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका. तार कोणी लावली होती हे सिद्ध झालं नाही, कारण तार तर कोणालाच सापडली नव्हती. मालक सुटला. मी कोर्टाच्या दारात त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले तर तोच नजर वळवून गेला. त्या घरात आमच्या आळीतला सालदार पुन्हा कोणी राहिला नाही. भाचा तर त्या अंगणातल्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन निघून गेला होता. जाताना आमच्या दारासमोर क्षणभर थांबला होता. डॉक्टरच्या कागदावर मात्र मरणाचं कारण विजेचा धक्का असं आहे. त्या कागदाची नक्कल मी मागून घेतली. तिच्यात साप हा शब्द नाही.

पण मला लिहायचं होतं ते त्या दिवसाचं, खड्ड्याजवळचं. साहेब लोक गेले आणि दिराला आम्हाला पुन्हा पुरावं लागलं. मी मागे वळून पाहिलं तर सगळा बौद्धपुरा आला होता. मालकाच्या शेतावर त्या दिवशी कोणीही गेलं नव्हतं. दुसऱ्या आळीतलेही काही जण लांब उभे होते, आणि त्यांच्यात मालकाची दोन माणसं होती, कोण काय बोलतं ते ऐकायला पाठवलेली. आमच्या लोकांना ती दिसत होती. एकेकजण पुढे येऊन माती टाकत होता, मुकाट्यानं.

शेवटी माझे यजमान पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांत माती घेतली आणि टाकली नाही, तशीच धरून उभे राहिले. मला वाटलं, आता पाढा म्हणतात की काय. त्यांनी मालकाच्या त्या दोन माणसांकडे पाहिलं, मग खड्ड्यात पाहिलं, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तू तारेनं मेला. सापानं नाई."

मग त्यांनी माती टाकली.